सावधान!

लग्नात प्रत्येक मंगलाष्टकेच्या शेवटी भटजी 'सावधान' म्हणतात ते कोणाला उद्देशून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वधूवरांना म्हणावे, तर ती दोघे अंतरपाटाच्या दोन बाजूंना इतकी अवघडून उभी असतात की आणखी सावध होणे त्यांना शक्यच नसते. पाहुण्यांचे अर्धे लक्ष अक्षतांत आणि अर्धे पंगतीत. माझे विचाराल तर त्या घटकेला मांडवात खऱ्या अर्थाने सावध असणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे फोटोग्राफर. अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा शेवटचा वर्षाव होतो, वधूवर एकमेकांना हार घालतात. हा सगळा मामला फार तर एका मिनिटाचा. त्या एका मिनिटात कॅमेऱ्याने मान टाकली तर?

नाटकाचा एक प्रयोग फसला तर पुढचा असतो. एखादा विषय राहिला तर पुढच्या सत्रात पेपर देता येतो (आपल्यापैकी अनेकांना हा मार्ग चांगला परिचयाचा आहे!). लग्नाचे तसे नाही. "जरा पुन्हा एकदा अंतरपाट धरता का?" असे म्हणण्याची सोय नाही, म्हटलेच तर मुलीचा मामा काय उत्तर देईल ते येथे न लिहिलेले बरे. त्यामुळे यंत्र बंद पडू नये म्हणून काय करावे आणि पडलेच तर कोणाच्या ध्यानातही न येता काम पुढे कसे न्यावे, याचे या धंद्यात एक शास्त्रच तयार झाले आहे. ते पुस्तकांपेक्षा माणसांच्या बोलण्यात अधिक सापडते. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

मला हे कळण्याचे कारण असे की माझा मावसभाऊ पिंपरीत लग्नाचे फोटो काढतो. मी त्याला दादा म्हणते. गेले दोन हंगाम मी सुट्टीत त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून जाते. फ्लॅश धरणे, बॅटऱ्या मोजणे, कार्डांची वही लिहिणे आणि नवरीच्या खोलीत जाणे ही माझी कामे. शेवटचे काम फक्त मुलीलाच जमते, म्हणून मला मागणी आहे! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीचा बराचसा भाग या फ्लॅशच्या उजेडातून निघतो.

पिंपरी हे गाव तसे यंत्रांचेच. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, पुढे टेल्को आली, शेजारी आकुर्डीला बजाज आली. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. येथल्या घरांत 'ब्रेकडाऊन', 'मेंटेनन्स', 'स्पेअर' हे शब्द मराठीच समजले जातात. माझे वडील भोसरीला एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर आहेत. दादाच्या कामाची हकिकत मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुमचंबी आमच्यासारखंच हाय की! मशीन बंद पडल्यावर दुरुस्त करायला मेंटेनन्सवाला येतोच. पर लाइन थांबू नये ह्येचा इचार आदल्या दिवशी करावा लागतो." मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म त्यांनी या दोन वाक्यांत सांगितले. फरक इतकाच की कारखान्यातली लाइन तासभर थांबली तर तो तोटा ओव्हरटाइम करून भरून काढता येतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश आत सोडणारा आणि अडवणारा एक पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. एवढ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात हा भाग मात्र धडधाकट यांत्रिक आहे. तो प्रत्येक फोटोला उघडतो आणि मिटतो, आणि म्हणून झिजतो. कंपन्या त्याचे आयुष्य तपासून आकडा जाहीर करतात. कॅनन ५डी मार्क ३ या लग्नांत पुष्कळ वापरल्या गेलेल्या कॅमेऱ्याचा आकडा दीड लाख, निकॉन डी८५० चा दोन लाख. ऐकायला हे आकडे प्रचंड वाटतात. पण आजकाल एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत अडीच हजार फोटो सहज निघतात. हंगामात चाळीस लग्ने धरली तर झाले एक लाख! म्हणजे दीड लाखाचे शटर दुसऱ्या हंगामातच म्हातारे होते. शिवाय हा आकडा म्हणजे हमी नव्हे. काही कॅमेरे त्याच्या दुप्पट चालतात, काही निम्म्यातच थांबतात, आणि थांबताना पूर्वसूचना देतीलच असे नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत शटरविना फोटो घेण्याची सोय आहे, परंतु हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली त्या फोटोंवर आडवे पट्टे उमटू शकतात. त्यामुळे तेही रामबाण औषध नव्हे.

म्हणून दुसरा कॅमेरा. आमच्या भागात एका जुन्या स्टुडिओचे मालक आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, ते म्हणतात, "एका कॅमेऱ्यावर लग्न घेतो तो फोटोग्राफर नव्हे, जुगारी." पण दुसरा कॅमेरा नुसता असून भागत नाही. तो बॅगेत नव्हे, खांद्यावर हवा. चालू स्थितीत हवा, त्यात कार्ड हवे, लेन्स लावलेली हवी. आणि शक्यतो पहिल्याच्याच जातीचा हवा, म्हणजे त्याच्या लेन्सा याला, याची बॅटरी त्याला चालते. दादाचे दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत यावरून त्याचे मित्र त्याला 'कंपनीचा जावई' म्हणून चिडवतात. पण कारखान्यात सगळ्या मशीनांना एकाच मापाचे बोल्ट का ठेवतात हे ज्याला माहीत आहे तो हसणार नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळीच सेकंदापर्यंत जुळवायची. नाही तर अल्बम लावताना नवरीची पाठवणी आधी आणि कन्यादान नंतर असा चमत्कार घडतो.

गेल्या हंगामात मोशीकडच्या एका कार्यालयात मी हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला. चौथी मंगलाष्टक चालू होती. दादाने बटण दाबले, एक विचित्र आवाज झाला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एरर' ही अक्षरे आली. मी त्याच्या मागे दोन हातांवर फ्लॅश धरून उभी होते. माझ्या पोटात गोळा आला. दादाने त्या कॅमेऱ्याशी झटापट केली नाही. त्याचे बटण बंद केले, तो तसाच माझ्या गळ्यात अडकवला आणि खांद्यावरचा दुसरा डोळ्याला लावला. पाचवी मंगलाष्टक सुरू होण्याच्या आत हे सगळे झाले होते. नवरीच्या वडिलांना तर जेवणे होईपर्यंत काही कळले नव्हते, आणि नंतरही कोणी सांगितले नाही. रात्री मी विचारले, "तू पुन्हा चालू करून का नाही पाहिलास?" तो म्हणाला, "चालू झाला असता तर माझा त्याच्यावर विश्वास बसला असता, आणि 'सावधान'ला तो पुन्हा बंद पडला असता. ज्यानं एकदा दगा दिला त्याला त्या दिवशी परत हातात घ्यायचं नाही." हे मला कोणत्याही तर्कशास्त्राच्या तासाइतकेच पटले.

कॅमेरा बंद पडला तर निदान समजते तरी. कार्ड बिघडले तर समजतही नाही, म्हणून जाणकार लोक कॅमेऱ्यापेक्षा कार्डाला अधिक भितात. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे असलेले हे एसडी कार्ड १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केले. त्यात फोटो असतात आणि त्या फोटोंची एक यादीही असते. फोटो लिहिला जात असतानाच कार्ड बाहेर ओढले किंवा बॅटरी संपली, तर बहुधा ती यादीच मोडते. पुस्तके कपाटात आहेत पण ग्रंथपालाची नोंदवही फाटली, तशातला हा प्रकार. अशा वेळी कॅमेरा विचारतो की कार्ड फॉरमॅट करू का? आणि घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो! खरे पाहता त्या क्षणी एकच गोष्ट करायची असते: ते कार्ड काढून, त्यावर खूण करून, वेगळ्या डबीत ठेवून द्यायचे. त्यावर नवा फोटो घ्यायचा नाही. जोवर वरून दुसरे काही लिहिले जात नाही, तोवर खालचा मजकूर बहुधा शाबूत असतो आणि घरी संगणकावर तो परत काढता येण्याची आशा असते.

यावर चांगला उपाय म्हणजे दोन कार्डांचा कॅमेरा. एकच फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहिला जातो. २०१८ साली निकॉनने झेड ६ आणि झेड ७, तर कॅननने ईओएस आर असे नव्या धर्तीचे कॅमेरे काढले. त्यांत कार्डासाठी एकच खाच होती. जगभरच्या लग्न-फोटोग्राफरांनी त्यावर एवढी ओरड केली की २०२० साली निकॉनने त्याच कॅमेऱ्यांच्या पुढच्या आवृत्तीत दुसरी खाच दिली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना मांडवातल्या माणसाचे ऐकावे लागले, ही गोष्ट मला फार आवडली.

परंतु खाचा दोन असून पुष्कळ जण दुसरे कार्ड 'पहिले भरल्यावर' अशा पद्धतीने लावतात, म्हणजे फोटो दुप्पट मावतात पण प्रत एकच राहते. हे म्हणजे स्टेपनी काढून तिच्या जागी पाचवा पाहुणा बसवण्यासारखे झाले. नकली कार्डांचा त्रास तर निराळाच. वर १२८ जीबी छापलेले असते, आत असतात सोळा. ते भरले की कार्ड मुकाट्याने जुन्या फोटोंवर नवे लिहीत जाते किंवा नवे टाकून देते. हळदीचे फोटो उत्तम, आणि लग्नाच्या जागी काळोख! म्हणून नवे कार्ड आणले की दादा ते आधी संगणकावर काठोकाठ भरून, परत वाचून पाहतो, आणि मगच त्याला नंबर देतो. भरलेली कार्डे बॅगेत राहत नाहीत, ती त्याच्या आतल्या खिशात असतात. कारण कार्यालयात बॅगा चोरीला जातात. कॅमेरा गेला तर कर्ज काढून दुसरा घेता येईल. खिशातली कार्डे वाचली पाहिजेत.

हे सारे नव्या काळाचे. जुन्या काळी काय करीत, असे मी काकांना विचारले तेव्हा त्यांची कळी खुलली. त्यांची सुरुवात याशिकाच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यावर झाली. त्याच्या एका रोलमध्ये फोटो बसत फक्त बारा. त्यामुळे मंगलाष्टका ऐकत मनातल्या मनात हिशेब चाले: आठ झाले, चार उरले, आता हात आवरा. शेवटच्या अष्टकेच्या आधी नवा रोल भरलेला असलाच पाहिजे, मग जुन्यातले दोन-तीन फोटो वाया गेले तरी बेहत्तर. रोल अडकला तर तो काढायला अंधार हवा. तो कार्यालयात कोठून आणणार? मग यजमानांकडून एक जाड गोधडी मागून घ्यायची, तिच्याखाली कॅमेरा आणि दोन्ही हात घालायचे आणि केवळ बोटांनी चाचपून फिल्म सोडवायची. पाहणाऱ्यांना वाटे, फोटोग्राफरला थंडी वाजून आली! पुढे पेंटॅक्स के १००० आला. तो बॅटरीवाचूनही चाले. बॅटरी लागे ती फक्त प्रकाश मोजायला. ती संपली तर लख्ख उन्हात छिद्र १६ वर आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग, हा हिशेब तोंडपाठ असे. मात्र त्याच्या फ्लॅशला शटरचा वेग साठ किंवा त्याहून कमीच चाले. घाईत तो वाढला तर फोटोचा एक भाग काळा. घरच्या जुन्या अल्बममध्ये अर्धी काळी पडलेली मामी कोणाला सापडली, तर तिचे कारण हे आहे.

आमच्या घरी तसाही अल्बम नाही. आईवडिलांचे लग्न २००१ साली बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाले. तालुक्याहून फोटोग्राफर आला होता, एक कॅमेरा आणि छत्तीसचा एक रोल घेऊन. त्या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्मचे टोक दुसऱ्या बाजूच्या रिळात नीट अडकवावे लागते. ते सुटले तर फिल्म जागची हलत नाही, पण वरचा आकडा मात्र दरवेळी पुढे सरकतो: एक, दोन, तीन... छत्तीस. बाहेरून ओळखण्याची खूण एकच. फिल्म खरोखर पुढे जात असेल तर डाव्या बाजूचे गुंडाळायचे बटणही आपोआप फिरते. काका म्हणतात, आमच्या पिढीतला शहाणा माणूस प्रत्येक रोलच्या पहिल्या दोन फोटोंना त्या बटणाकडे पाहत असे. आईच्या लग्नात ते कोणी पाहिले नाही. आठ दिवसांनी तो माणूस कोरी पारदर्शक फिल्म घेऊन आला. भला असावा, त्याने घेतलेली उचल परत केली आणि आईवडिलांचा एक फोटो रंगवलेल्या पडद्यापुढे फुकट काढून दिला. तो आमच्या भिंतीवर आहे. पण आईचे वडील त्याच्या पुढच्या वर्षी वारले. त्यांनी जन्मात फोटो काढून घेतला असेल तर तो त्या लग्नात. आई म्हणते, माझे कपाळ त्यांच्यासारखे आहे. ते ताडून पाहण्याचे साधन नाही.

मोठ्यांच्याही वाट्याला हे येते. ६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले त्या वेळचे रॉबर्ट कापाचे मोजकेच फोटो शिल्लक आहेत. लंडनच्या प्रयोगशाळेत घाईत फार उष्णतेने वाळवताना बाकीच्या फिल्मवरचा थर वितळला, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अलीकडे अभ्यासकांनी या कथेवरच शंका घेतली आहे. तेवढे फोटो मुळात काढलेच गेले नसावेत असे ते म्हणतात. म्हणजे 'यंत्राने घात केला' हे म्हणणेही कधीकधी तपासून पाहावे लागते!

वीज हा आमच्याकडचा स्वतंत्र अध्याय आहे. भर लग्नात दिवे गेले तर भटजींना काही फरक पडत नाही, मंगलाष्टकांना वीज लागत नाही. लग्न अंधारातही पुढे जाते. जनित्र सुरू होईपर्यंत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश एवढाच आधार. तो चार पेन्सिल सेलांवर चालतो, आणि चारांतला एक जरी अशक्त असला तरी उरलेल्या तिघांचे बळ वाया जाते. म्हणून चारचारांचे संच रबर लावून वेगळे ठेवायचे, भरलेल्यांना लाल रबर, संपलेल्यांना पांढरे. (रबर लावणे हे माझे खाते आहे.) एकामागून एक पूर्ण ताकदीने फ्लॅश मारला तर तो तापतो आणि स्वतःहून बंद होतो. अशा वेळी तो झटकून उपयोग नाही, दुसरा लावावा आणि पहिल्याला वारा घेऊ द्यावा. मांडवाच्या जनित्राच्या तारेवर चार्जर लावायचा नाही, हा दादाचा कडक नियम. तिथला दाब वरखाली होतो आणि चार्जर जळतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे, म्हणून गुरुवारच्या लग्नाच्या बॅटऱ्या बुधवारी रात्रीच भरायच्या.

लेन्सची मोटर बिघडली तर? हाताने फिरवायची. चोवीस मिलिमीटरची लेन्स छिद्र ८ वर ठेवून आठ फुटांवर नेमली की चार फुटांपासून पुढचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. मग नेमत बसावे लागत नाही. शिवाय प्रत्येकाच्या बॅगेत एक स्वस्त 'पन्नास'ची लेन्स असते, गरिबाची तीच लक्ष्मी. ड्रोनविषयी मी लिहीत नाही. लोहगावचा विमानतळ आणि देहूरोडचा लष्करी परिसर इतका जवळ आहे की येथे बिघाडाच्या आधी परवानगीचा प्रश्न येतो.

आणीबाणी यंत्राचीच असते असे नाही. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळेस जो अडकला आहे त्याला मुहूर्त आणि वाहतूक यांचे वैर सांगायला नको. म्हणून चाकणकडचे लग्न असले की आम्ही दोन तास आधी निघतो, आणि सामान दोन मोटारसायकलींवर वाटून नेतो: प्रत्येकीवर एक कॅमेरा, एक फ्लॅश, काही कार्डे, काही सेल. एक गाडी पंक्चर झाली तरी दुसरी पोहोचते आणि पोहोचलेला माणूस एकटा लग्न सुरू करू शकतो. मला ही युक्ती सर्वांत हुशारीची वाटते, कारण तिला पैसा लागत नाही.

माणूस आजारी पडला तर बदली माणूस हवा. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या दिवसांत सकाळी ठणठणीत असलेला फोटोग्राफर संध्याकाळी तापाने पडे. तेव्हापासून दादा प्रत्येक तारखेपुढे एका बदली माणसाचे नाव लिहून ठेवतो. पिंपरी-चिंचवडच्या स्टुडिओवाल्यांचे मोबाइलवर गट आहेत. कोणाला माणूस हवा, कोणाला लेन्स हवी, तेथे टाकले की कोणीतरी धावून येते. पण यात एक मोठी मेख आहे, ती ध्यानात घ्यावी. दाट तिथीच्या दिवशी सगळेच फोटोग्राफर गुंतलेले असतात, भाड्याचे कॅमेरेही गेलेले असतात. म्हणजे शेजाऱ्याची मदत ज्या दिवशी सर्वांत जास्त लागणार, नेमक्या त्याच दिवशी ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी! पिंपरी चौकाच्या परिसरातली बौद्ध पद्धतीची लग्ने पुष्कळदा तिथी न पाहता रविवारी असतात, कॅम्पातली सिंधी लग्ने रात्री उशिरा. त्यामुळे थोडी वाटणी होते, एवढाच दिलासा. तेव्हा उसनवारीवर विसंबायचे ते विरळ तिथीला. दाट तिथीला आपले आपल्यापाशी हवे.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, तोच दुरुस्तीचा काळ. शटर बदलणे, लेन्स साफ करणे ही कामे आषाढी एकादशीनंतर. पण तेव्हाच पाऊस असतो आणि काचेवर बुरशी धरते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. काही जण तांदळाच्या डब्यात ठेवतात. मला विचाराल तर तांदळाचा पिठूळपणा लेन्समध्ये जाण्यापेक्षा तो भातात गेलेला बरा.

लग्न पार पडले, वरात गेली, तरी धोका टळत नाही. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात तीन-दोन-एकचा नियम मांडला: प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आज मोठमोठी संगणक-कार्यालये हा नियम पाळतात, पण तो निघाला फोटोग्राफरच्या डोक्यातून. दुसरे ठिकाण का, ते पुणेकरांना सांगायला नको. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा ठेवा जळाला. नायट्रेट मुळातच ज्वालाग्राही, आणि एका छपराखाली ठेवलेले एकाच वेळी जाते. दादा लग्नाहून परतल्यावर जेवणाआधी दोन डिस्कवर प्रती करतो. एक स्टुडिओत राहते, दुसरी आमच्या घरी, आईच्या पिठाच्या डब्यामागे. पहिली कार्डे अल्बम हाती पडेपर्यंत पुसायची नाहीत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण याला पैसे लागतात. अगदी खरे. दोन कॅमेरे, चार लेन्सा, वीस कार्डे बाळगणारा माणूस स्वस्तात लग्न घेऊ शकत नाही. आणि ज्याला स्वस्त हवे त्याच्याकडे एका कॅमेऱ्याचा माणूस येतो, आमच्या आईच्या लग्नात आला तसा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण आयोग भरपाई देणार ती रुपयांत. म्हणून माझे मत असे की कमी पैशांत लग्न असेल तर ड्रोन, धुराचे यंत्र, लग्नाआधीचे लोणावळ्याचे फोटो ही चैन खुशाल वगळावी, अल्बमची पाने निम्मी करावीत, पण दुसरा कॅमेरा आणि दुसरी प्रत वगळू नये. ठरवतानाच विचारावे: तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार? कार्ड दोन लावता का? फोटो किती महिने जपून ठेवता? आणि फोटो मिळाले की घरच्यांनी आपली एक प्रत त्याच आठवड्यात करावी, कारण स्टुडिओवाले जागेअभावी काही महिन्यांनी जुने पुसतात.

माझ्या ताईचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. दादा घरचा म्हणून त्या दिवशी त्याला पाहुण्यांत बसवायचे, असा आईचा हट्ट आहे. तेव्हा फोटोग्राफर बाहेरचा शोधणे आले. वडील तिघांकडे जाऊन दर विचारून आले. दोघांनी मोबाइलवर सुंदर सुंदर फोटो दाखवले. तिसऱ्याकडे मीही गेले होते. वडिलांनी फोटो पाहिलेच नाहीत, बाकावर टेकत विचारले, "स्पेअरमधी काय ठेवता?" त्या मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग उठून कपाटातून बॅग आणली आणि एकेक वस्तू टेबलावर काढून ठेवू लागला. तो दोघांपेक्षा चार हजारांनी महाग होता. वडिलांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून बॅगेशेजारी ठेवल्या.